दाहशामक पेप्टाइड : दार कोणासाठी बंद, किती काळ?

वजन घटवणाऱ्या इंजेक्शनांमुळे 'पेप्टाइड' हा शब्द घरोघरी पोहोचला. त्यापाठोपाठ सांधेदुखी, स्नायूंची दुखापत आणि शरीरातील दाह यांवर रामबाण उपाय म्हणून नाना प्रकारच्या पेप्टाइड्सची विक्री सुरू झाली. दाह आटोक्यात ठेवणारी पेप्टाइड्स शरीरात खरोखरच असतात. पांढऱ्या पेशींनी रक्तवाहिनी ओलांडायची की नाही, हे ठरवण्यात त्यांचा वाटा असतो. मात्र प्रयोगशाळेतील हे ज्ञान आणि बाजारातील कुपी यांच्यात अद्याप मोठे अंतर आहे. ते ध्यानात न घेतल्यास काय होते, याचे धडे औषधशास्त्राच्या इतिहासात आहेत.

मधुमेह आणि स्थूलता यांवरील टिर्झेपाटाइड हे औषध मार्च २०२५ मध्ये भारतात आले, तर सेमाग्लुटाइडचे वजन घटवण्यासाठीचे इंजेक्शन त्याच वर्षी जूनमध्ये उपलब्ध झाले. ही दोन्ही औषधे पेप्टाइड या वर्गातली. अमिनो आम्लांची छोटी साखळी म्हणजे पेप्टाइड. साखळी लांबली आणि तिला ठरावीक घडी पडली की ती प्रथिन म्हणून ओळखली जाते. ५१ अमिनो आम्लांचे इन्सुलिन हा याच कुळातील सर्वांत परिचित सदस्य. शंभर वर्षांपूर्वी इन्सुलिनने मधुमेहींना जीवदान दिले आणि आता नव्या औषधांनी वजनाच्या प्रश्नावर तोडगा काढला. साहजिकच पेप्टाइड म्हणजे काहीतरी नैसर्गिक, निर्धोक आणि गुणकारी, असा समज रूढ होऊ लागला.

या समजाचा लाभ घेणारी एक बाजारपेठ जगभर उभी राहिली आहे. 'केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही' असे लेबल लावलेल्या कुप्या इंटरनेटवर मागवल्या जातात आणि व्यायामशाळांत, सौंदर्योपचार केंद्रांत किंवा घरीच टोचल्या जातात. बीपीसी-१५७, केपीव्ही, एलएल-३७ ही त्यांतली काही नावे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये या तिन्हींचा समावेश, औषधविक्रेत्यांनी मिश्रण करून देण्याच्या दृष्टीने सुरक्षिततेविषयी गंभीर शंका असलेल्या पदार्थांच्या यादीत केला. दुसरीकडे, पुढे अमेरिकेचे आरोग्यमंत्री झालेले रॉबर्ट केनेडी यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये याच प्रशासनावर पेप्टाइड्सची गळचेपी केल्याचा जाहीर आरोप केला. विज्ञानाचा प्रश्न अशा रीतीने राजकारणाचाही झाला. या गदारोळात मूळ मुद्दा मात्र बाजूला पडतो. तो असा की, 'दाहशामक पेप्टाइड' शरीरात नेमके करते तरी काय?

पेशींचा प्रवास

दाह म्हणजे सूज, लाली, उष्णता आणि वेदना, ही व्याख्या जुनी आहे. पण ही झाली बाहेरून दिसणारी लक्षणे. आत घडते ते पांढऱ्या पेशींचे स्थलांतर. रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये सिसिली बेटावरील मेसिना येथे तारामाशाच्या पारदर्शक अळीला काटा टोचला. दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला त्यांना दिसला. संरक्षण करणाऱ्या पेशी स्वतः चालत संकटाच्या जागी जातात, ही कल्पना त्या निरीक्षणातून पुढे आली. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ यांना पॉल एर्लिख यांच्यासमवेत मिळाले.

माणसाच्या शरीरात हा प्रवास अधिक गुंतागुंतीचा असतो. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी अस्थिमज्जेत दररोज सुमारे दहा हजार कोटी इतक्या संख्येने तयार होतात. रक्ताच्या वेगवान प्रवाहात वाहणाऱ्या या पेशींना नेमक्या जागी थांबून रक्तवाहिनीच्या अस्तरातून बाहेर पडायचे असते. त्यासाठी आधी अस्तरावर सिलेक्टिन नावाचे रेणू उगवतात. त्यांना निसटते चिकटत पेशी गडगडू लागते आणि तिचा वेग मंदावतो. मग केमोकाइन या संदेशवाहक रेणूंची हाक तिला ऐकू येते. त्या हाकेसरशी पेशीच्या पृष्ठभागावरील इंटिग्रिन ताठ होतात आणि पेशी अस्तराला घट्ट चिकटते. त्यानंतर ती अस्तरावर सरपटत जाऊन दोन पेशींमधल्या फटीतून पलीकडे उतरते. हा शेवटचा टप्पा निर्णायक असतो. उंबरठा ओलांडलेली पेशी जंतूंचा फडशा पाडते, पण तिच्याजवळील दारूगोळा आसपासच्या निरोगी ऊतींनाही भाजून काढतो.

संसर्ग असताना हे नुकसान शरीर सोसते आणि पुढे भरून काढते. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, टाइप-१ मधुमेह, मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा सोरायसिस यांसारख्या आजारांत मात्र बाहेरचा शत्रू नसतानाही पेशी सांध्यात, स्वादुपिंडात, मेंदूत किंवा त्वचेत शिरत राहतात. म्हणजे या आजारांत बिघाड जसा पेशींच्या स्वभावात असतो, तसाच तो दारावरच्या पहाऱ्यातही असतो. दाहशामक पेप्टाइड्सचे महत्त्व येथे आहे. ती पेशींना मारत नाहीत. पेशींनी कुठे, केव्हा आणि किती संख्येने दार ओलांडावे, यावर प्रभाव टाकतात.

स्टेरॉइडने दाखवलेली वाट

या शोधाची सुरुवात एका जुन्या औषधापासून झाली. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये संधिवाताने जखडलेल्या एका रुग्णाला कॉर्टिसोन दिले आणि काही दिवसांतच तो रुग्ण हिंडूफिरू लागला. हेंच यांना दोन सहकाऱ्यांसह १९५० चे नोबेल मिळाले. मात्र स्टेरॉइडचा हा चमत्कार फार महागात पडतो, हे लवकरच उघड झाले. हाडे ठिसूळ होणे, साखर वाढणे, संसर्गाशी लढण्याची ताकद घटणे असे परिणाम मागोमाग आले.

स्टेरॉइड दिल्यावर रुग्णाच्या रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या बरेचदा वाढते, हे डॉक्टरांना ठाऊक असते. प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधाने पेशी कमी होण्याऐवजी वाढाव्यात, हे वरकरणी कोडेच वाटते. त्याचे एक प्रमुख कारण पेशींच्या प्रवासात आहे. रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटलेले न्यूट्रोफिल सुटून पुन्हा प्रवाहात येतात आणि त्यामुळे तपासणीत अधिक दिसतात. त्यांची संख्या जागच्या जागी राहून केवळ त्यांचा मुक्काम बदलतो.

ही किमया घडवणाऱ्या घटकांपैकी एक म्हणजे अनेक्सिन ए-१ हे प्रथिन. स्टेरॉइडमुळे त्याची निर्मिती आणि हालचाल वाढते. लंडनमधील रॉड फ्लॉवर, माउरो पेरेत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रथिनाचा पाठपुरावा अनेक वर्षे केला. त्याच्या आरंभीच्या टोकातील सुमारे पंचवीस अमिनो आम्लांचा तुकडा वेगळा काढला, तरी तो स्वतंत्रपणे काम करतो, असे दिसून आले. उंदरांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जिवंत चित्रण करून १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, या घटकामुळे भिंतीला घट्ट चिकटलेले न्यूट्रोफिल सुटून पुन्हा रक्तात जातात. स्टेरॉइडचे अनेक परिणाम टाळून त्याचा केवळ हा एक गुण उचलता येईल काय, हा प्रश्न तेव्हापासून संशोधकांना खुणावत आहे.

बर्मिंगहॅमचा चौदा मण्यांचा पहारेकरी

या क्षेत्रातील लक्षणीय शोध २०१५ मध्ये 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बर्मिंगहॅम विद्यापीठातील एड रेंजर, मिरियाम शिमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४ अमिनो आम्लांचे एक पेप्टाइड शोधून काढले आणि त्याला 'पेपिटेम' असे नाव दिले. शरीर टी पेशींना दारातच कसे थोपवते, याची एक पूर्ण साखळी त्यातून समोर आली.

ही साखळी अनपेक्षित ठिकाणाहून सुरू होते. चरबीच्या ऊतींतून ॲडिपोनेक्टिन नावाचे संप्रेरक स्रवते. त्याचा संदेश मिळताच बी पेशी, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पेशी, हे पेप्टाइड बाहेर सोडतात. ते रक्तवाहिनीच्या अस्तरावरील एका विशिष्ट ग्राहकाला जाऊन भिडते. त्यामुळे अस्तराच्या पेशी स्फिंगोसिन-१-फॉस्फेट हा स्निग्ध रेणू सोडतात आणि त्याच्या प्रभावाने टी पेशींचे अस्तर ओलांडणे रोखले जाते. चरबी, बी पेशी, रक्तवाहिनी आणि टी पेशी अशा चार घटकांचा हा समन्वय असून त्यातील निरोप्याचे काम चौदा मण्यांची ही छोटी माळ करते.

याच निबंधातील दुसरा निष्कर्ष रुग्णांच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. टाइप-१ मधुमेहाच्या रुग्णांच्या बी पेशींवर ॲडिपोनेक्टिनचे ग्राहक कमी असल्याचे आढळले. वाढत्या वयाबरोबरही ही व्यवस्था दुबळी होत जाते. याचा अर्थ, संदेश येतो, पण तो घेणाराच जागेवर नसतो. पेप्टाइड कमी सुटते आणि दार सताड उघडे राहते. प्रयोगशाळेत बाहेरून पेप्टाइड पुरवल्यावर मात्र हा अडसर पुन्हा बसवता आला. दाहाच्या विविध आजारांचे प्रारूप असलेल्या उंदरांमध्येही टी पेशींचा शिरकाव घटला. त्याच विद्यापीठातून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या पेप्टाइडमुळे उंदरांमधील हाडांची झीज रोखली गेली आणि नवे हाड तयार होण्यास चालना मिळाली. सांध्याच्या दाहात हाडेही झिजतात, हे लक्षात घेता ही बाब आशादायक आहे. मात्र हे निष्कर्ष मुख्यतः उंदीर आणि पेशींवरील प्रयोगांचे आहेत. संधिवाताच्या रुग्णाला लिहून देता येईल असे औषध त्यातून अजून तयार झालेले नाही.

एकच कुलूप, दोन किल्ल्या

दाहशामक पेप्टाइड्सचा विचार करताना एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी लागेल. अनेक्सिनचा दाह शमवणारा तुकडा पांढऱ्या पेशींवरील ज्या एफपीआर-२ नावाच्या ग्राहकावर काम करतो, त्याच ग्राहकाला एलएल-३७ हे शरीरातील दुसरे पेप्टाइडही चिकटते. ३७ अमिनो आम्लांचे हे पेप्टाइड जंतुनाशक आहे, आणि ते न्यूट्रोफिल, मोनोसाइट व टी पेशींना आपल्याकडे ओढते, हे २००० मध्येच दाखवले गेले. म्हणजे कुलूप एकच, पण एक किल्ली पेशींना माघारी पाठवते आणि दुसरी त्यांना बोलावून आणते. या ग्राहकांच्या कुळाचे नावसुद्धा जिवाणूंच्या पेप्टाइड्सवरून पडले आहे. जिवाणूंची प्रथिने ज्या फॉर्मिल-पेप्टाइडने सुरू होतात, त्याचा वास लागताच न्यूट्रोफिल त्या दिशेने धावतात.

त्यामुळे एखादे पेप्टाइड 'दाहशामक' आहे असे सरसकट म्हणणे अपुरे ठरते. कोणत्या ऊतीत, किती मात्रेत, आजाराच्या कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या पेशींसमोर ते येते, यावर त्याचा परिणाम अवलंबून असतो. संसर्ग जोरात असताना दार बंद करणे घातक आणि संसर्ग संपल्यावर ते उघडे ठेवणेही घातक. शरीर हा तोल तासातासाला सांभाळत असते. इंजेक्शनच्या सिरिंजला मात्र ही वेळ कळत नाही.

दार बंद करण्याची किंमत

पेशींचे स्थलांतर रोखण्याचा प्रयोग वैद्यकाने याआधी केला आहे आणि त्याची किंमतही मोजली आहे. नॅटालिझुमॅब हे प्रतिपिंड पेप्टाइड नव्हे. पण ते नेमके दाराशीच काम करते. टी पेशींवरील इंटिग्रिनला झाकून ते त्यांचा मेंदूतील प्रवेश रोखते. मल्टिपल स्क्लेरोसिसवरील औषध म्हणून अमेरिकेत त्याला नोव्हेंबर २००४ मध्ये मान्यता मिळाली. अवघ्या तीन महिन्यांत, फेब्रुवारी २००५ मध्ये ते बाजारातून काढून घ्यावे लागले. काही रुग्णांना पीएमएल हा मेंदूचा दुर्मिळ आणि बहुधा प्राणघातक विकार जडला होता. असंख्य माणसांच्या शरीरात निमूट पडून राहणाऱ्या जेसी विषाणूने पहारा उठताच डोके वर काढले होते. आजाराला आळा घालणाऱ्या त्याच बंद दाराने मेंदूची गस्तही थांबवली होती.

पुढे जून २००६ मध्ये हे औषध कडक अटींसह परत आले आणि रक्ततपासणी करून, जोखीम मोजून ते वापरले जाऊ लागले. सोरायसिसवरील एफालिझुमॅब या अशाच औषधाला मात्र २००९ मध्ये याच विकारामुळे कायमचा निरोप घ्यावा लागला. या अनुभवातून शहाणपण आले. आतड्याकडे जाणाऱ्या पेशींनाच प्रामुख्याने अडवणारे व्हेडोलिझुमॅब हे औषध २०१४ मध्ये मान्य झाले. सगळी दारे बंद करण्याऐवजी नेमके एक दार लोटून घ्यायचे, ही त्यामागची दृष्टी होती. पेपिटेमसारख्या पेप्टाइड्सकडून असलेली अपेक्षाही हीच आहे.

निसर्गानेही हा प्रयोग क्रूरपणे करून ठेवला आहे. ल्युकोसाइट ॲडहेजन डेफिशिअन्सी या जन्मजात विकारात पांढऱ्या पेशी रक्तात भरपूर असतात, पण इंटिग्रिन सदोष असल्याने त्यांना भिंतीला चिकटता येत नाही. अशा बाळाची नाळ उशिरा गळते, जखमा होतात पण त्यांत पू धरत नाही आणि साधा संसर्गही जिवावर बेततो. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या संस्थेत या विकाराचे निदान व अभ्यास होतो. पू होणे ही सर्वसामान्यांना नकोशी वाटणारी गोष्ट, पण तो न होणे किती भयंकर असू शकते, हे ही बालके सांगतात.

महाराष्ट्राला तर हा धडा ताजा आहे. ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीने जून २०२० मध्ये दाखवून दिले की, डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडमुळे कृत्रिम श्वसनयंत्रावरील कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. ज्यांना प्राणवायूची गरजच नाही, अशांना मात्र त्याचा लाभ होत नाही, हेही त्याच चाचणीने सांगितले होते. दुसऱ्या लाटेत ही मर्यादा अनेकदा पाळली गेली नाही. गरज नसताना, लवकर आणि जादा दिवस स्टेरॉइड घेतले गेले. अनियंत्रित मधुमेहाची त्यात भर पडली आणि २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसचे देशभरात ४० हजारांहून अधिक रुग्ण आढळले. सर्वाधिक फटका बसलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. कुणाचा डोळा गेला, कुणाचा जबडा काढावा लागला. योग्य वेळी प्राण वाचवणारे औषध अवेळी घेतल्याने बुरशीला वाट मोकळी करून देऊ शकते, हे त्या वर्षाने दाखवले.

कुपीतील अनिश्चितता

या पार्श्वभूमीवर बाजारातील पेप्टाइड्सकडे पाहिले पाहिजे. बीपीसी-१५७ हे १५ अमिनो आम्लांचे पेप्टाइड. त्याच्या गुणांविषयीचे बहुतेक संशोधन प्राण्यांवरचे आहे आणि माणसांवरचे अभ्यास मोजके व अगदी लहान आहेत. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०२२ पासून खेळाडूंना ते निषिद्ध केले. अमेरिकी प्रशासनाने २०२३ मध्ये घेतलेले आक्षेप तीन प्रकारचे होते. अशा पदार्थांमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांच्याच विरोधात उठू शकते. निर्मितीत राहिलेल्या अशुद्ध तुकड्यांची खात्री देता येत नाही. आणि माणसांमधील सुरक्षिततेची माहिती तुटपुंजी आहे. यातील पहिला आक्षेप विशेष गंभीर आहे. दाह शमवण्यासाठी टोचलेला पदार्थच नव्या दाहाचे निमित्त ठरू शकतो.

शास्त्रशुद्ध मार्गानेही पेप्टाइडचे औषध करणे सोपे नसते. पोटात गेल्यावर ते अन्नातील प्रथिनांप्रमाणे पचून जाते, तर रक्तात गेल्यावर विकरे त्याचे काही मिनिटांत तुकडे करतात. सेमाग्लुटाइड आठवडाभर टिकावे म्हणून त्याला मेदाम्लाची शेपटी जोडून रक्तातील अल्ब्युमिनला बांधावे लागले. हे काही वर्षांचे रसायनशास्त्र आहे आणि त्यानंतर हजारो रुग्णांवरील चाचण्या आहेत. त्या औषधांच्या यशाचे श्रेय या कष्टांचे आहे, पेप्टाइड असण्याचे नव्हे. बाजारातील निनावी कुप्या त्या नावलौकिकावर जगतात. त्यामागचे कष्ट मात्र त्यांनी घेतलेले नसतात.

आणखी एक प्रश्न कर्करोगाचा आहे. कर्करोगावरील आधुनिक प्रतिकार-उपचारांचा भर टी पेशींनी गाठीत शिरावे यावर असतो. ज्या गाठींत त्या शिरत नाहीत, तिथे हे उपचार बहुधा फसतात. टी पेशींना दारातच अडवणारा पदार्थ निरोगी भासणाऱ्या माणसाने वर्षानुवर्षे टोचून घेतल्यास लपलेल्या गाठीवरील पहाऱ्याचे काय होईल, याचे उत्तर दीर्घकालीन अभ्यासांशिवाय मिळणार नाही. 'थोडा दाह कमी झालेला बरा' अशा विचाराने इंजेक्शन घेणाऱ्यांनी याचा विचार करायला हवा.

भारतात २०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांनुसार नव्या औषधाला परवानगी आणि त्याआधी चाचण्या अनिवार्य आहेत. 'संशोधनासाठी' या लेबलाच्या आडून होणारी विक्री हा नियम निरर्थक करते. औषध नियंत्रकांनी अशा विक्रीवर लक्ष ठेवणे आणि डॉक्टरांनी रुग्णांना 'कोणते इंजेक्शन घेता' हे आवर्जून विचारणे, या दोन्ही गोष्टी आता गरजेच्या झाल्या आहेत. त्याचबरोबर खऱ्या संशोधनाला बळ मिळायला हवे. संधिवाताने बोटे वाकलेल्या गृहिणीला किंवा दहाव्या वर्षापासून इन्सुलिन टोचणाऱ्या मुलाला प्रतिकारशक्ती सरसकट न दडपणारे औषध हवेच आहे. अनेक्सिन आणि पेपिटेम यांच्या अभ्यासाने त्याची दिशा दाखवली आहे. उद्या एखाद्या निनावी कुपीने अनर्थ घडवला आणि 'पेप्टाइड' हा शब्दच बदनाम झाला, तर सर्वाधिक नुकसान याच रुग्णांचे होईल.

शरीराने हा पहारा कोट्यवधी वर्षांत घडवला आहे. त्याची एक-दोन कुलपे माणसाला आताशी कुठे ओळखता येऊ लागली आहेत. कोणती किल्ली कोणत्या दाराला आणि कोणत्या वेळी लावायची, हे चाचण्यांतून ठरेपर्यंत ती प्रयोगशाळेतच राहणे रुग्णांच्या हिताचे आहे.